घुबडीच्या पिल्लांचे कान

आमच्या नणंदबाईंसमोर मांजराला राखाडी म्हणायची सोय नाही. भिंत राखाडी असते, ढग राखाडी असतो, मांजर निळं असतं. एकदा मी त्यांच्या मांजरीला उचलून खिडकीजवळ नेलं आणि भर उजेडात विचारलं, "ताई, ह्यात निळं कुठे आहे ते एकदा दाखवा." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू माझ्याच डोळ्यांत काहीतरी खोट असावी.

"जातिवंत मांजरात ह्याला निळाच म्हणतात, वहिनी. काळा रंग पातळ झाला की निळा. लाल पातळ झाला की क्रीम. चॉकलेटी पातळ झाला की लायलॅक, म्हणजे फिकट जांभळट."

"आणि माझा सावळा रंग पातळ झाला की?"

"की तुला ताप आलाय," असं म्हणून त्या मांजर घेऊन आत गेल्या.

नणंदबाई म्हणजे आमच्या ह्यांच्या मोठ्या बहीण. लग्नाला चार वर्षं व्हायच्या आत त्यांचे यजमान गेले आणि त्या धाकट्या भावाकडे राहायला आल्या. आल्या त्या रडत बसल्या नाहीत. तळमजल्यावरची मागची खोली स्वतः घासून रंगवली, आणि कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली. ती आजतागायत. डोळे तपासायला तिथे वेगळा माणूस आहे, ताईंचं काम कानांशी. गिऱ्हाइकाला समोर बसवायचं, फ्रेम चढवायची, काडी कुठे टोचते ते बघायचं, मग गरम हवेवर धरून ती मऊ करायची आणि कानामागे नीट बसेल अशी वाकवायची. एवढी वर्षं हेच केल्यामुळे ताई माणसाचं तोंड नंतर बघतात, कान आधी. लग्नाआधी आमची पहिली भेट झाली तेव्हा सगळे माझ्या शिक्षणाबद्दल विचारत होते. ह्या म्हणाल्या, "हिचा डावा कान जरा वर आहे." ते मी अजून विसरलेले नाही, आणि आरशात बघितलं तर तो खरंच वर आहे, हे त्याहून वाईट.

त्यांना मांजराचं वेड लागलं तेही कानांमुळेच. मांजरांच्या प्रदर्शनात परीक्षक असणाऱ्या एक बाई दुकानात चष्मा घ्यायच्या. प्रदर्शनाच्या दिवशीच त्यांच्या चष्म्याची काडी निखळली, आणि ताईंना स्क्रू आणि पेचकस घेऊन सभागृहात जावं लागलं. तिथे टेबलांवर रांगेने मांजरं. लांब केसांची, चपट्या नाकाची, निळ्या डोळ्यांची, एक तर अंगावर केसच नसलेलं. परीक्षकबाई प्रत्येकाला उचलून ताणून बघायच्या, शेपटीवरून हात फिरवायच्या, हनुवटी वर करून डोळ्यांचा रंग बघायच्या. ताईंनी काडी बसवली आणि निघाल्या, तेवढ्यात समोरच्या टेबलावर त्यांना ते दिसलं: गोल चेहरा, तांब्याच्या नाण्यासारखे डोळे, आणि कान पुढे दुमडून डोक्याला चिकटलेले. जन्मभर लोकांचे उभे, आडवे, फताडे कान हाताळलेल्या बाईला असा कान कधी भेटलाच नव्हता. तिथेच जीव जडला.

त्या जातीचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. आमच्या घरात आम्ही दुमडकान म्हणतो. वर्षभर धडपड करून ताईंनी एक निळी मांजरी मिळवली. गोल डोकं, दिसायला कान नाहीत, मोठे डोळे, मी बघताक्षणी म्हटलं, "अगबाई, हे तर घुबड." झालं. नाव घुबडी पडलं. ताईंनी कागदोपत्री काहीतरी राजघराण्यातलं नाव ठेवलं होतं, पण ते घुबडीने कधी मनावर घेतलं नाही.

घुबडी दिसायला देखणी होती ह्यात वाद नाही. केस दाट, आखूड, मुळापासून एका रंगाचे. बोटाने विस्कटले तरी कुठे पांढरा धागा दिसायचा नाही. आणि वागायला आमच्या घरातल्या माणसांपेक्षा शहाणी. ओट्यावर उडी नाही, पडद्यांना नखं नाहीत, दुधाच्या पातेल्याकडे ढुंकून बघणं नाही. सोफ्याच्या उशीला पाठ टेकून, मागचे पाय समोर पसरून ती माणसासारखी बसायची. आलेगेले हसून हसून बेजार व्हायचे. ताई त्या बैठकीचे फोटो काढून दुकानातल्या मुलींना दाखवायच्या. "खानदान," त्या म्हणायच्या. "भटकी मांजरं उड्या मारतात. हिला गरज नाही." मी त्यांची खूप थट्टा करायचे, पण खोटं कशाला बोलू, पाहुण्यांना त्या बैठकीबद्दल मीही कौतुकानेच सांगायचे.

गेल्या वर्षी ताईंनी घुबडीची पिल्लं घ्यायचं ठरवलं. ह्या जातीच्या लोकांचा एक पक्का नियम आहे: दुमड्या कानाची मांजरी असेल तर बोका ताठ कानाचाच हवा. दोन्ही दुमडे असले तर पिल्लं पांगळी निघतात. एक दुमडा, एक ताठ, की काही भीती नाही. हा नियम ताई पाठ केल्यासारखा म्हणून दाखवायच्या. त्यांनी शोधून शोधून ताठ कानाचा एक क्रीम बोका बघितला, अगदी रुंद छातीचा आणि बारक्या कानांचा. घुबडी गाभण राहिली तेव्हा त्यांनी जेवणाच्या टेबलावर भविष्य सांगितलं.

"मुलगे सगळे निळे होतील. मुली निळ्यावर क्रीम सांडल्यासारख्या ठिपकेवाल्या."

"आणि उलट झालं तर?" ह्यांनी विचारलं.

"होणार नाही. तो रंग आईकडून मुलाला आणि दोघांकडून मुलीला जातो."

एका रविवारी दुपारी ताईंच्या कपाटाखाली ठेवलेल्या खोक्यात चार पिल्लं झाली. दोन निळे बोके. दोन मुली, क्रीम सांडलेल्या. अगदी ताई म्हणाल्या तशाच. मी तोंडात बोट घातलं. ताई इतक्या खूश झाल्या, की सगळं त्यांच्या मुठीत आहे असं दोन दिवस त्यांच्या चालण्यातून दिसत होतं. मोठा निळा तो थोरला, दुसरा पोटफुगा तो ढोल्या. एकीच्या अंगावर क्रीम शिंतोड्यांनी उडालेलं, ती शिंपडी. आणि सगळ्यात बारीक होती ती नुसती ठिगळं लावल्यासारखी, अर्धं नाक निळं, अर्धं क्रीम, एक पाय कोपरापर्यंत क्रीम. ती चिंधी.

मात्र कानांचं भविष्य ताईंना सांगता येत नव्हतं. दुमडकानांची पिल्लं जन्मतात तेव्हा सगळ्यांचे कान ताठच असतात. तीन-एक आठवडे झाले की ज्यांचे दुमडायचे त्यांचे हळूहळू पुढे झुकू लागतात. कोणाचे झुकतील, कोणाचे नाही, हे आधी कळायला मार्ग नाही. म्हणून मग वाट बघणं. दाताच्या डॉक्टरांची बायको तर पिल्लं जन्मायच्या आधीपासून नंबर लावून बसली होती, एकाच अटीवर: कान दुमडलेला हवा. ती एक दिवसाआड फोन करायची. "दुमडले का?" ताई म्हणायच्या, "अजून वेळ आहे." आणि फोन ठेवला की गुडघे टेकून खोक्यात वाकायच्या. चारही जणांचे कान दुमडावेत अशी त्यांची इच्छा होती, आणि ती त्या लपवत नव्हत्या.

पिल्लांचे डोळे उघडले त्या सुमाराला ती गोष्ट घडली. घुबडी खोक्याच्या कडेवर पोट टेकून आत घसरायची. ताईंना वाटायचं, बाळंतपणाने थकली आहे. त्या दिवशी ती कडेवरच अडकली, म्हणून ताईंनी मागून आधार द्यायला शेपटीच्या मुळाशी हात लावला. घुबडी ओरडली. मांजराचा असा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. आणि वळून तिने ताईंच्या तळहाताला दात लावले. ज्या मांजरीने कधी माशीवर पंजा उगारला नाही, तिने. ताई हात धुवायलाही उठल्या नाहीत. रक्त ओघळत होतं आणि त्या घुबडीकडे बघत बसल्या होत्या. मी त्यांचा हात धरून नळाखाली नेला.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी घुबडीला टेबलावर ठेवलं आणि शेपटी दोन बोटांत धरून हलकेच वाकवून बघितली. ती वाकली नाही. काठी जशी राहील तशी राहिली.

"शेपटी कधीपासून अशी आहे?"

"पहिल्यापासून भक्कमच आहे," मी म्हणाले.

"पहिल्यापासून नाही," ताई म्हणाल्या. "आणली तेव्हा मऊ होती. मीच बघून घेतली होती. नंतर कडक होत गेली. मला वाटलं, भरली."

एक्स-रे काढले. डॉक्टरीणबाईंनी ते दिव्यावर लावून बोटाने दाखवलं. घोट्यांपाशी हाडांवर हाडं चढली होती, सांध्यांच्या मधली जागाच दिसत नव्हती. मला एक्स-रेतलं काही कळत नाही, पण जिथे रेघ हवी तिथे गोळा आहे, एवढं कोणालाही दिसलं असतं.

"पण मी नियम पाळला," ताई म्हणाल्या. "बोका ताठ कानाचा आणला. हिच्या आईबापांतही एक दुमडा, एक ताठ होता, मी चौकशी करून घेतली होती."

"दोन्ही दुमडे असते तर लहानपणीच पांगळी झाली असती. नियमाने एवढंच वाचतं." डॉक्टरीणबाई तुटकपणे बोलत नव्हत्या, पण गोडही बोलत नव्हत्या. "कान का दुमडतो? त्यातली कूर्चा, म्हणजे ते मऊ हाड, कच्ची असते, तिला कानाचं वजन पेलत नाही. ती कूर्चा फक्त कानात नसते ना. घोट्यांत असते, शेपटीत असते. ज्याचा कान दुमडतो त्याला हे असतंच. कोणाला लवकर, कोणाला उशिरा, कोणाला कमी, कोणाला जास्त."

"ती उडी मारत नाही," ताई म्हणाल्या.

"दुखतं म्हणून."

"पाय पसरून बसते. माणसासारखी."

"पायांवर भार नको म्हणून."

मला सगळे पाहुणे आठवले, त्यांचं हसणं आठवलं, आणि मी चहाचे कप हातात घेऊन "बघा, बघा आमची घुबडी" म्हणत होते तेही आठवलं. ते मांजर दुखणं घेऊन बसत होतं आणि आम्ही त्याचे फोटो काढत होतो.

"बरी होईल का?" मी विचारलं.

"जखडलेलं मोकळं होत नाही. दुखणं कमी करता येतं. पण पिल्लं अंगावर पितात तोवर जोरकस औषध देता येणार नाही. आणि हिला पुन्हा पिल्लं होऊ देऊ नका."

ताई घुबडीला पिशवीत ठेवत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पिल्लांचं काय?"

"ज्यांचे कान ताठ राहतील त्यांना काही नाही. त्यांच्यात हा दोष नसतो. कान झुकले, तर..." डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे खाली उतरवले. "कधी कळेल ते तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. आठवड्याभरात.

तो आठवडा माझ्या शत्रूवरही येऊ नये. तेच खोकं, तीच चार पिल्लं, तेच कान, आणि इच्छा मात्र पार उलटी. ज्या बाई काल कान झुकावा म्हणून बघत होत्या, त्याच आज तो झुकू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसल्या. सकाळी उठले की ताई खाली जमिनीवर पालथ्या. दुकानातून आल्या की चप्पल काढायच्या आत पालथ्या. जेवणाचं ताट तसंच राहायचं. हे समजावायला गेले तर म्हणाल्या, "तू गप्प बस, तुला ह्यातलं कळत नाही." ह्यांना मांजराचं खरंच काही कळत नाही, पण बहिणीचं कळतं. हे मुकाट्याने कारखान्यातून उरलेल्या फळ्या घेऊन आले (हे फर्निचरच्या कारखान्यात काम करतात) आणि अंगणात बसून घुबडीसाठी बुटक्या पायऱ्या ठोकायला लागले. एक सोफ्याला, एक खिडकीला. वर जुन्या गालिच्याचे तुकडे चिकटवले. घुबडी पहिल्याच दिवशी त्यांवरून एकेक पाय टाकत सोफ्यावर गेली. इतकी सोय तिला आधीच हवी होती, हे बघून ताई न्हाणीघरात जाऊन रडून आल्या. तोंड धुऊन आल्या तरी मला कळलंच.

मग एका संध्याकाळी मी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले तर काय बघते, ताई चिंधीला मांडीवर घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी तिचे कान वर ओढत आहेत. जोराने नाही. हात आधी एकमेकांवर घासून गरम करायचे, मग कानाच्या मुळापासून टोकापर्यंत चिमटीत धरून सरळ करायचा, क्षणभर धरून ठेवायचा, सोडायचा. पुन्हा हात घासायचे. चष्म्याची काडी करतात तस्सं.

"ताई!" मी ओरडले. चहा बशीत सांडला. "काय चाललंय हे? प्लॅस्टिक आहे का ते?"

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. हात थांबले नाहीत.

"कान सरळ केल्याने पाय सरळ होणार आहेत का?"

"नाही होणार. मला माहीत आहे, वहिनी. मला सगळं माहीत आहे." आणि तरी त्या हात घासत होत्या. "पण मग मी करू काय? तू सांग ना. मी दुसरं काय करू?"

मला राग आला होता, तो कुठे गेला कळलं नाही. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. सांडलेला चहा दोघींनी अर्धा अर्धा प्यायलो. चिंधीला त्या मालिशीची मजा वाटत होती. ती ताईंच्या बाहीला नखं रुतवून वर सरकायला बघत होती. चौघांत सगळ्यात वांड तीच. बाकीची तिघं अजून धड चालत नव्हती तेव्हा ही खोक्याच्या कडेला लोंबकळत होती.

पहिला धक्का ढोल्याने दिला. सकाळी त्याचा उजवा कान सपाट पडलेला. ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. मला ओढत आणून त्यांनी बोट दाखवलं. तासाभरात कान आपोआप उभा राहिला. हा गडी रात्रभर आईच्या पोटाखाली त्याच कुशीवर झोपला होता. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो, आणि हसता हसता मी ढोल्याला एक चापट मारली, उगाच जीव घेतलास म्हणून. पुढे थोरल्याचे कान ताठच राहिले. शिंपडीचे ताठ राहिले. ढोल्याचेही. दिवस जात होते तशी ताईंच्या चेहऱ्यावर थोडी धुगधुगी आली. एकदा तर त्या मला म्हणाल्या, "चौघंही वाचली बहुतेक." बोलल्या आणि लगेच जीभ चावली.

चिंधीचा कान आधी मलाच दिसला. ती खिडकीच्या उजेडात बसून पंजा चाटत होती. डाव्या कानाचं टोक जरासं पुढे आलं होतं. ऐकताना मांजरं कान वळवतात, तसं असेल म्हणून मी मागून टाळी वाजवली. तिने मान वळवली, उजवा कान मागे फिरला, डावा फिरला पण टोक तसंच पुढे. दिवसभर मी ताईंना काही सांगितलं नाही आणि दिवसभर माझा जीव टांगणीला. मनात म्हणत होते, उद्या सकाळी सरळ होईल, ढोल्याचा झाला होता तसा. दुसऱ्या दिवशी दोन्ही टोकं पुढे होती. ताई तिला हातात घेऊन बसल्या होत्या. मी दारात उभी राहिले तर म्हणाल्या, "तुला कालच दिसलं होतं ना? तुझ्या तोंडावरून कळलं मला."

आठवड्याच्या आत तिचे कान डोक्याला चिकटले. छोटी टोपी घातल्यासारखे, दोन्ही सारखे, एकही वाकडा नाही. प्रदर्शनात ठेवली असती तर परीक्षकबाईंनी नाव ठेवायला जागा सापडली नसती. अर्ध्या नाकाचा तो क्रीम, तो निळा, ते तांबूस व्हायला लागलेले डोळे, आणि ते कान. खरं सांगते, इतकं देखणं पिल्लू मी पाहिलेलं नाही, आणि बघवतही नव्हतं.

"मीच मागितलं होतं गं," ताई म्हणाल्या. "चौघांचेही दुमडू देत म्हणून रोज म्हणत होते. एकीचे दुमडलेच."

मी म्हटलं, "तुमच्या म्हणण्याने कान दुमडत असते तर माझा डावा कान खाली नसता का आला?" त्या हसल्या नाहीत. मलाही ते विनोदासाठी सुचलं नव्हतं, काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलले.

पिल्लं अडीच-तीन महिन्यांची झाल्यावर दाताच्या डॉक्टरांची बायको आली ती चिंधीला बघून दारातच टाळ्या पिटायला लागली. "अय्या, काय गोड! हीच, हीच माझी." चिंधी पडद्याच्या दांडीवर होती. तिथून तिने सरळ सोफ्यावर उडी टाकली, आणि ताईंनी डोळे मिटून घेतले.

ताईंनी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. कूर्चा, घोटे, शेपटी. घुबडी पायऱ्यांवरून कशी चढते ते दाखवलं. बाई काही वाईट नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्या म्हणाल्या, "पण हिला तर काहीच नाही ना? बघा कशी उड्या मारतेय. आणि झालंच तर मी औषध करीन. आमच्या घरात काही कमी नाही."

"शिंपडी घ्या," ताई म्हणाल्या. "हिचीच बहीण. रंग जवळजवळ तोच. तिला जन्मभर काही होणार नाही."

"तिचे कान ताठ आहेत हो."

"हो. म्हणूनच सांगते."

"ताठ कानाचं मांजर काय, कुठेही मिळतं."

ताई उठल्या आणि चिंधीला सोफ्यावरून उचलून छातीशी धरलं. "तुम्हाला हिचा कान हवाय," त्या म्हणाल्या. "तो घेतलात की पाय पण येतात. ते पाय मी जन्माला घातलेत. ते मीच सांभाळणार." एवढी वर्षं गिऱ्हाइकांशी गोड बोललेल्या बाईचा आवाज एवढा कोरडा मी कधी ऐकला नव्हता. डॉक्टरांची बायको चहा न पिता गेली. तिन्ही ताठ कानांची पिल्लं पुढे चांगल्या घरी गेली. ढोल्याला तर चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनीच नेलं.

आता घरात घुबडी आणि चिंधी. घुबडीला औषध सुरू झालंय, ती थोडी सैल बसते, शेपटीला मात्र आम्ही कोणी हात लावत नाही. चिंधीचं वर्ष भरत आलंय. ती कपाटावर असते, दारावर असते, एकदा पंख्याकडे बघत होती म्हणून ह्यांनी पंखा बंद करून ठेवला. पूर्वी ओट्यावर चढलेल्या मांजराला मी लाटण्याने हाकललं असतं. आता ती ओट्यावर धपकन येते तेव्हा मला बरं वाटतं. ताईंनी तर दुधाचं पातेलं मुद्दामच वरच्या फळीवर ठेवायला सुरुवात केली आहे. पायऱ्या सोफ्याला लावलेल्याच असतात, चिंधी त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही, वरून उडून जाते. ताई तिला म्हणतात, "नको वापरूस हं. अजिबात नको वापरूस."

त्या दुकानात गेल्या की दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन करतात. माझी चौकशी नाही, भावाची नाही. एकच प्रश्न: "आज पायरीवरून चढली का?" मी रोज सांगते, "नाही ताई, उडी मारली." मग त्या "बरं" म्हणतात आणि फोन ठेवून जेवायला बसतात. मी उत्तर दिल्याशिवाय त्यांचा डबा उघडत नाही, हे मला दुकानातल्या मुलीने सांगितलं.

आज सकाळी मी भाजी चिरत होते. चिंधी सोफ्यासमोर आली, वर बघितलं, मागचे पाय गोळा केले. मी सुरी खाली ठेवली. ती तशीच थोडा वेळ बसली. मग तिने पुढचा एक पंजा पहिल्या पायरीवर ठेवला, मग दुसरा, आणि एकेक पायरी करत वर गेली. कदाचित गालिच्याच्या तुकड्याला कसला वास येत असेल. कदाचित आईची नक्कल असेल. मी तिला खाली ठेवलं आणि उशीवर दोरी हलवली, वर यावी म्हणून. ती दोरीकडे बघत होती, पण खालूनच.

दुपारी फोन वाजला.

"चढली का?"

"नाही ताई," मी म्हणाले. "उडी मारली. तुम्ही जेवून घ्या."

"बरं," त्या म्हणाल्या. संध्याकाळी घरी आल्या की सांगेन.